एक गाडी, एक सायकल आणि घाटाची दोन टोके

फोंड्याच्या एका दांपत्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोघेही चालणारे, दारात एक लहान मोटारगाडी, घरात एक गिअरची सायकल आणि सुटीच्या दिवशी सत्तरी-सांग्याच्या डोंगरांत जाण्याची आवड. चढलेल्या वाटेनेच परत उतरायचा कंटाळा येतो, म्हणून वाटेच्या एका टोकाला गाडी आणि दुसऱ्या टोकाला सायकल ठेवून मधला डोंगर पायी पार करावा, असे त्यांच्या मनात आहे. हे गोव्यात जमते का, सायकल वरच्या टोकाला ठेवावी की खालच्या, आणि सुरुवात कुठून करावी, असे त्यांनी विचारले आहे.

जमते; पण नकाशा पाहून वाटते त्याहून बऱ्याच कमी ठिकाणी जमते. सायकल कोणत्या टोकाला ठेवायची याचे उत्तर केवळ चढ-उतारावर अवलंबून नसते. दोघांच्या सहलीत घाटरस्त्यावरून गाडीच्या किती खेपा होणार, हा हिशेब सर्वांत आधी मांडावा लागतो, आणि नेमका तोच बहुतेक जण मांडत नाहीत. म्हणून आधी तो मांडतो.

पहिला पर्याय असा की, गाडीत सायकल घालून वर जायचे, सायकल वर ठेवायची, गाडी घेऊन खाली यायचे, दोघांनी पायी वर चढायचे आणि मग एकाने सायकलवरून खाली उतरायचे. कागदावर हे सुटसुटीत दिसते. परंतु सायकल एकच असल्यामुळे दुसरा माणूस वरच राहतो, आणि त्याला आणायला गाडी पुन्हा वर न्यावी लागते. म्हणजे घाटात गाडीच्या चार खेपा झाल्या. दुसरा पर्याय असा की, एकाला गाडीने वर सोडायचे, दुसऱ्याने गाडी खाली आणून तिथून सायकलने वर यायचे आणि मग दोघांनी चालत गाडीकडे उतरायचे. यात सायकल वर राहते. ती आणायला संध्याकाळी पुन्हा वर जावे लागते, आणि शिवाय सकाळचे दीड-दोन तास एकाला वर नुसते बसून काढावे लागतात. खेपा पुन्हा चारच. तिसऱ्या पर्यायात वर जाताना सायकल वाटेतच खालच्या टोकाला ठेवून द्यायची, गाडी वर उभी करायची, दोघांनी चालत उतरायचे, आणि एकाने सायकलने वर जाऊन गाडी खाली आणायची. यात खेपा दोनच होतात आणि खालच्या गावातून सोबतीला व सायकलीला घेऊन थेट घरी निघता येते. पेट्रोलच्या दृष्टीने हाच सर्वांत स्वस्त मार्ग आहे, पण त्याचा शेवट दुपारच्या उन्हात सायकलवरून घाट चढण्यात होतो.

इथे गोव्याच्या डोंगरांची ठेवण आडवी येते. सह्याद्रीची आपल्या बाजूची उतरण पश्चिमेकडे तोंड करून आहे. त्यामुळे सकाळी सूर्य कड्यामागे असतो आणि पायथ्याच्या वाटेवर बराच वेळ सावली राहते. दुपारनंतर मात्र तेच ऊन थेट अंगावर येते, आणि डांबरी रस्ता तापलेला असतो तो वेगळाच. समुद्राकडून येणाऱ्या दमट हवेमुळे घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही. जानेवारीतसुद्धा दुपारी दोन-तीनच्या सुमारास पश्चिमाभिमुख घाटात सायकल चढवणे ही सवयीच्या सायकलस्वाराचीही परीक्षा असते. पाच-सहा तास चालून आलेल्या माणसाने ते करूच नये. म्हणून चढण्याचे जे काही श्रम असतील ते सकाळी उरकावेत आणि दुपारी उरेल तो फक्त उतार असावा. तिसरा पर्याय केवळ दीड-दोनशे मीटर उंचीच्या टेकड्यांसाठी किंवा बॅटरीवर चालणारी सायकल असेल तर योग्य आहे.

उरलेल्या दोन पर्यायांत मी पहिला निवडतो, म्हणजे पायी चढणे आणि सायकलने उतरणे. सुटे जांभ्याचे खडे, त्यांवर पडलेला वाळका पाला आणि थकलेले गुडघे हे तिन्ही एकत्र आले की पाय घसरतो, आणि ते बहुधा उतरतानाच घडते. चढताना घसरलेला माणूस हातावर पडतो. उतरताना घसरलेला पाठीवर किंवा मनगटावर पडतो आणि त्याला जंगलातून बाहेर काढावे लागते. चढाची वाट सकाळी ताज्या पायांनी चालावी आणि दिवसाचा उत्तरार्ध डांबरी रस्त्यावर, माणसांच्या नजरेच्या टप्प्यात घालवावा, हे अधिक सुरक्षित आहे.

मात्र चार खेपा हा या पर्यायाचा मोठा दोष आहे, आणि शेवटची खेप नेमकी तिन्हीसांजेला पडते. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. नेत्रावळी किंवा मोलेच्या रस्त्यावर त्या वेळी गवा उभा असण्याची शक्यता कोणत्याही स्थानिकाला विचारावी. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी असला तरी गाडीच्या दिव्यांपुढून बाजूला होण्याची घाई त्याला नसते. यावरचा माझा उपाय साधा आहे: दुसरी सायकल मिळवा. दोन सायकली वर ठेवल्या की दोघेही उतरून थेट गाडीपाशी येतात आणि चारऐवजी दोनच खेपा पुरतात, त्याही पहाटेच्या. एका सायकलीवर चाळीस-पन्नास हजार रुपये घालण्यापेक्षा शेजाऱ्याची किंवा भाच्याची जुनी, पण चांगले ब्रेक असलेली सायकल मागून आणणे या कामासाठी अधिक उपयोगी ठरते. त्याहून सोयीचे म्हणजे वरच्या गावात जाणाऱ्या एखाद्या पिकअपवाल्याशी आदल्या दिवशी बोलणी करून दोन्ही सायकली वर पाठवून द्याव्यात. त्याचे भाडे पेट्रोलच्या खर्चाच्या जवळपास जाते, पैसा गावात राहतो, आणि आपल्याला सकाळी घाटात गाडी घालावीच लागत नाही.

आता ठिकाणांविषयी. तुमच्यासाठी सर्वांत योग्य वाटतो तो सांगे तालुक्यातला नेत्रावळीचा परिसर. खाली नेत्रावळी गाव, तिथे गोपीनाथाच्या देवळाजवळची बुडबुड्यांची प्रसिद्ध तळी, आणि वर पठारावर वेर्ले, तुडव, साळजिणी ही गावे. वर जाणारा डांबरी रस्ता अरुंद आणि वळणावळणांचा आहे, परंतु तो आंतरराज्य वाहतुकीचा नाही. त्यावरून मुख्यतः गावातल्याच गाड्या, दुचाक्या आणि सुटीच्या दिवशी पर्यटक जातात. सायकलने उतरण्यासाठी असा रस्ता हवा. खालून पठाराकडे चढणाऱ्या जुन्या पाऊलवाटा आहेत, पण त्यांपैकी कोणती वाट आज मोकळी आहे आणि कोणती काटेरी झुडपांनी भरली आहे, हे दर पावसाळ्यानंतर बदलते. म्हणून वेर्ले किंवा नेत्रावळीतला जाणता माणूस वाटाड्या म्हणून बरोबर घ्यावाच. दोन-तीन तास जंगलातून चढल्यावर समोर एकाएकी शेते, गोठे आणि माणसांचे आवाज येतात, हे या वाटेचे सुख आहे. आधी सांगून ठेवल्यास गावातल्या एखाद्या घरी जेवणाचीही सोय होऊ शकते. जेवणानंतर अर्धा तास थांबून मगच सायकलवर बसावे. भरल्या पोटी वळणांचा उतार उतरताना डोळ्यांवर झापड येते.

सत्तरीत मन सर्वप्रथम चोर्ला घाटाकडे ओढले जाते, कारण खाली केरी आणि अंजुणे धरण, वर सुर्ला, आणि घाटमाथा समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटरवर. देखावा अप्रतिम आहे. तरीही या रस्त्यावर सायकल-शटल, म्हणजे एका टोकाला गाडी आणि दुसऱ्या टोकाला सायकल ठेवण्याचा हा प्रकार, करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. हा पणजी-बेळगाव वाहतुकीचा रस्ता आहे. पहाटे तो रिकामा असेल असे समजून लोक अंधारात निघतात. पण बेळगावची भाजी आणि दूध गोव्याच्या बाजारात सकाळी पोहोचायचे असते, त्यामुळे भरलेले टेम्पो पहाटेच घाट उतरत असतात. रविवारी दिवसभर मोटारसायकलस्वारांचे थवे असतात. वळणावर आडवा आलेला संथ सायकलस्वार त्यांना शेवटच्या क्षणी दिसतो. सुर्ल्याच्या बाजूला चालायचेच असेल तर सायकल खालीच ठेवावी आणि घाट बसने चढावा. बेळगावला जाणाऱ्या काही बसगाड्या याच रस्त्याने जातात. कंडक्टरला आधी सांगून ठेवले तर तो माथ्याजवळ उतरवतो. साखळीहून केरीपर्यंतचा पट्टा सायकलने, घाट बसने आणि पुढचे पायी, अशी ही तीन तुकड्यांची सहल होते आणि तिला गाडीची गरजच लागत नाही.

अनमोड घाटाबद्दल तर विचारूही नये. तो ट्रकांचा रस्ता आहे. कुळ्याहून दूधसागरला जाणेही या पद्धतीत बसत नाही, कारण कायदेशीर वाट जाण्या-येण्याची एकच आहे, आणि रेल्वेच्या रुळांवरून चालत जाऊन दुसऱ्या टोकाला निघणे हा 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे. जुन्या ट्रेकवर्णनांत रुळांची वाट बिनदिक्कत दिलेली असते. ती वाचून बेत आखू नये.

मोले ते तांबडी सुर्ला हा भाग नवशिक्यांसाठी चांगला आहे, पण वेगळ्या अर्थाने. साकोर्डे-बोळकर्णे बाजूने जाणारा रस्ता सुमारे बारा-तेरा किलोमीटरचा, बराचसा सावलीचा आणि फारसा चढ नसलेला आहे. कदंबकालीन महादेवाच्या देवळापासून आसपासची पायवाट करून सायकलने मोलेला परतणे हा अर्ध्या दिवसाचा निवांत कार्यक्रम होतो. मात्र मोले राष्ट्रीय उद्यानाच्या आतून आडवे जाण्याचा बेत वनखात्याच्या परवानगीशिवाय करता येणार नाही.

आणि पहिल्यांदा केवळ सराव म्हणून पारोड्याचा चंद्रनाथ पर्वत घ्यावा. उंची सुमारे 350 मीटर. गाडीरस्ता देवळाच्या पायऱ्यांपर्यंत जातो, अभयारण्याची परवानगी लागत नाही आणि मडगाव जवळ आहे. वर चालत जावे, सायकली आधीच वर नेऊन ठेवाव्यात, आणि उतरताना आपले ब्रेक, आपली बोटे व आपले धैर्य यांची खरी कुवत पाहावी. काणकोणच्या किनाऱ्यालगत आगोंद, खोला आणि काब द रामच्या परिसरातही टेकड्यांवरून चालून वरखाली जाणाऱ्या शांत रस्त्याने सायकलने परतता येते. तिथे डोंगर लहान आणि वारा मोठा असतो.

ब्रेकचा विषय निघालाच आहे, तर त्यावर थोडे अधिक थांबतो, कारण या सगळ्या प्रकरणात जीवाशी खेळ होतो तो इथेच. माणूस, सायकल आणि पाठपिशवी मिळून 95 किलो वजन धरले आणि 500 मीटरची उतरण धरली, तर खाली येईपर्यंत साडेचार लाख ज्यूलहून अधिक ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. दीड लिटर पाणी उकळायला साधारण तेवढीच लागते. वेगात उतरले तर तिचा मोठा वाटा हवेच्या अडथळ्यात जातो. भीतीपोटी सतत ब्रेक दाबून संथ उतरले तर जवळजवळ सगळी उष्णता रिममध्ये किंवा डिस्कमध्ये साठते. रिमच्या ब्रेकने रिम इतकी तापू शकते की आतली ट्यूब निकामी होते. यासाठी सरळ भागात सायकल थोडी धावू द्यावी, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक ठामपणे लावून वेग उतरवावा आणि वळणात ब्रेक शक्यतो सोडलेले असावेत. मध्ये दोनदा तरी थांबून, रिम किंवा डिस्कला हात न लावता, जवळ तळहात नेऊन धग किती आहे ते पाहावे. ब्रेक पॅडवरच्या खाचा पुसट झाल्या असतील तर ते निघण्यापूर्वी बदलावेत. ते घरी अर्ध्या तासाचे काम आहे आणि घाटात अशक्य.

बाकी सायकलीबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. टायर 35 ते 40 मिलिमीटर रुंदीचे असावेत, म्हणजे खड्डे आणि खडी दोन्ही सोसतात. चढही सायकलनेच करायचा असेल तर पुढच्या लहान चक्राचे दाते मागच्या मोठ्या चक्राइतके किंवा त्याहून कमी असावेत. पॅडल साधे, सपाट हवे. डोंगरात चालायच्या बुटांनीच सायकल चालवायची आहे, त्यासाठी वेगळे बूट वाहत नेण्यात अर्थ नाही. बुटाची नाडी आणि पँटचा खालचा घोळ साखळीत अडकू नये म्हणून उजव्या पायाला एक पट्टी बांधावी. पंप, दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या आणि मागचा लाल दिवा सायकलीवरच बांधून ठेवावा.

सायकल कुठे ठेवायची याला मी सायकलीपेक्षा अधिक महत्त्व देतो. झुडपात लपवून ठेवणे सर्वांत वाईट. गावात अनोळखी माणसाने झाडीत काही लपवलेले दिसले की चोरी होण्याआधी संशय निर्माण होतो, आणि तो रास्तच असतो. सरळ एखाद्या घराच्या अंगणात जाऊन विचारावे. "काकी, ही सायकल दुपारपर्यंत इथे ठेवली तर चालेल का?" एवढे विचारले की बहुतेक ठिकाणी ती पडवीत घेतली जाते, आणि वर "पाऊस येईल, आत घाला" असेही ऐकायला मिळते. परतताना चहाचे पैसे पुढे करण्यापेक्षा जाताना मुलांसाठी काही खाऊ किंवा घरासाठी फळे न्यावीत, ते शोभून दिसते. देवळाच्या मंडपात सायकल टेकवू नये. सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांत देवराया आहेत. त्यांतल्या झाडाला साखळी बांधणे तर दूरच, काही ठिकाणी पायताण घालून आत गेलेलेही चालत नाही. कुळागरातून, म्हणजे सुपारी-नारळाच्या खाजगी बागेतून, जाणारी वाट नकाशावर सार्वजनिक दिसली तरी ती बहुधा कुणाच्या तरी गेटपाशी संपते, हेही लक्षात ठेवावे.

अंगणात ठेवलेल्या सायकलीलाही कुलूप लावावे, ते चोरापेक्षा मुलांसाठी. हेल्मेट उघडे टांगून ठेवू नये. पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे, नाहीतर तीन तासांत लाल मुंग्या त्यात संसार थाटतात. घामाने खारट झालेल्या हँडलच्या मुठी गुरे चाटतात, म्हणून गोठ्याशेजारची जागा टाळावी. आणि किल्ल्या: सायकलीच्या कुलपाची एक किल्ली प्रत्येकाकडे, गाडीची मूळ किल्ली जो सायकलने उतरणार त्याच्याकडे आणि दुसरी किल्ली सोबत्याकडे. गाडीची किल्ली वर थांबलेल्या माणसाच्या पिशवीत राहिली की सगळे शटल निरर्थक ठरते; ऐकायला हास्यास्पद वाटेल, पण या प्रकारातली ही सर्वांत नेहमीची चूक आहे.

वेळेचा अंदाज बांधण्यासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाईस्मिथ यांचा 1892 मधला नियम आजही कामाचा आहे: सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. आपल्या दमट जंगलात आलेल्या आकड्याला दीडने गुणावे. उदाहरणार्थ, वाट सहा किलोमीटरची आणि चढ 450 मीटरचा असेल तर नियमाने दोन तास होतात. तुम्ही तीन धरावेत. सायकलने चढताना साधारण तंदुरुस्त माणूस ताशी 400 मीटर उंची गाठतो, आणि वळणांच्या रस्त्यावर उतरताना ताशी वीस किलोमीटरहून अधिक सरासरी धरू नये. चढ मोजायला भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 प्रमाणाचे टोपोशीट घ्यावे; त्यात लगतच्या दोन समोच्च (समान उंची दाखवणाऱ्या) रेषांमध्ये उंचीचे 20 मीटरचे अंतर असते, म्हणजे रेषा मोजल्या की उंची कळते. मोबाइलवरचा नकाशा आधीच उतरवून घ्यावा, कारण वेर्ले-साळजिणीच्या बाजूला नेटवर्कचा भरवसा नाही. याच कारणाने, सायकल एकच असेल तर खाली उतरणाऱ्याने आणि वर थांबणाऱ्याने वेळ ठरवून घ्यावी: अमुक वाजेपर्यंत गाडी वर आली नाही तर थांबलेल्या माणसाने गावातल्या कोणाची तरी दुचाकी घेऊन रस्त्याने खाली पाहत यावे, जंगलात शिरू नये. अपघात झाल्यास 108 ही रुग्णवाहिका सेवा आहे, पण तिला फोन लागेल अशी जागा कुठे आहे ते जाताना पाहून ठेवावे.

परवानगीचा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळता येणार नाही. नेत्रावळी आणि म्हादई ही दोन्ही अभयारण्ये 1999 मध्ये घोषित झाली, खोतीगाव त्याआधीचे, 1968 चे. अभयारण्यात प्रवेशासाठी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवाना लागतो, आणि वाटा-धबधब्यांवर कोणत्या महिन्यात काय खुले आहे हे वनखाते वेळोवेळी ठरवते. मार्च 2023 मध्ये म्हादईच्या जंगलात वणवे लागले, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मैनापी धबधब्यावर दोघे बुडाल्यानंतर अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास बंदी घातली गेली, जी पुढे काही ठिकाणी शिथिल झाली. तेव्हापासून नाक्यावरची चौकशी पूर्वीपेक्षा बारकाईने होते, आणि ती योग्यच आहे. जाण्याच्या आठवड्यात नेत्रावळीच्या वन कार्यालयात स्वतः जाऊन विचारावे आणि अर्जात सायकलीचा उल्लेख करावा, म्हणजे नाक्यावर ती वाहन की सामान यावर वाद होत नाही. कागद हातात नसेल तर त्या दिवशी चंद्रनाथला जावे.

एका गोष्टीकडे शहरातले लोक दुर्लक्ष करतात. सत्तरी तालुक्यात 2015 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा विषाणूजन्य आजार गोचिडीच्या चाव्याने होतो. गोचिडींची लहान अवस्था डोळ्यांना सहज दिसत नाही, आणि तिचा मोसम नेमका आपल्या भटकंतीचाच, म्हणजे पावसाळा संपल्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा असतो. जंगलातून बाहेर आल्यावर सायकलवर बसण्याआधी पाच मिनिटे काढून मोज्यांची कड, गुडघ्यामागची बाजू, कंबरपट्ट्याखालचा भाग आणि मानेमागे केसांची सुरुवात एकमेकांनी तपासावी. फिक्या रंगाची लांब पँट घालून ती मोज्यांत खोचावी, अंगाला लावायचे गोचीडरोधक तेल आरोग्य केंद्रात विचारून घ्यावे, मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता वनखात्याला कळवावे. परतल्यानंतरच्या दोन आठवड्यांत जोराचा ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचे आवर्जून सांगावे.

हंगाम कोणता, तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. ऑक्टोबरात वाटा ओल्या असतात, जळवा असतात, आणि घाटरस्त्यावर सावलीच्या वळणांत शेवाळ टिकून असते. त्या हिरव्या पट्ट्यावर सायकलचे पुढचे चाक काहीही न सांगता निघून जाते. फेब्रुवारीनंतर ऊन, वणव्याची भीती आणि पाण्याची टंचाई एकदम सुरू होते. पावसाळ्यात हा खेळ पूर्ण बंद ठेवावा.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवावा: आधी चंद्रनाथवर ब्रेकचा सराव, मग तांबडी सुर्ल्याला दोघांनी दोन सायकलींवर एक अर्धा दिवस, आणि नेत्रावळीचा परवाना व वाटाड्या दोन्ही पक्के झाले की डिसेंबरात वेर्ले. त्या दिवशी सायकली आदल्या संध्याकाळीच पिकअपने वर पोहोचवाव्यात, पहाटे साडेपाचला फोंडा सोडावे आणि सूर्य कड्यावर येण्यापूर्वी चालायला लागावे. दुपारी दोनपर्यंत वर पोहोचला नाहीत, तर सायकली तिथेच त्या घरी रात्रभर राहू द्याव्यात आणि मिळेल त्या गाडीने खाली यावे. दुसऱ्या दिवशी पिकअप त्या घेऊन येतो, तेवढे भाडे देण्याची मनाची तयारी निघतानाच करून ठेवावी. अंधारात तो उतार सायकलने उतरू नये. शेवटचा सपाट पट्टा गावांतून जातो, तिथे दुपारी पोदेराची, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याची, फेरी सुरू झालेली असते. त्याच्या सायकलीला दोन बाजूंनी रुंदी असते आणि तो हक्काने रस्त्याच्या मधून येतो, तेव्हा वळणावर घंटी आपणच आधी वाजवावी.